वेबसाइटवर चॅट बसवायचं म्हणजे नेमकं काय बसवायचं?

अक्कलकोट रस्त्यावरची एमआयडीसी असो, अशोक चौक असो की चाटी गल्ली, सोलापुरात कुठल्याही टॉवेल-चादरवाल्याशी वेबसाइटचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "ते चॅटचं टाकता येईल का हो साइटवर?" खालच्या उजव्या कोपऱ्यातलं गोल चिन्ह, दाबलं की उघडणारी छोटी खिडकी, त्यात "नमस्कार, काय मदत करू?" असं वाक्य. युनिफॉर्म शिवणाऱ्यांना ते हवं आहे, शेंगा चटणी पार्सलनं पाठवणाऱ्यांनाही हवं आहे.

मागणी रास्त आहे. कोल्हापूरच्या हॉटेलवाल्याला हिशेब आटोपल्यावर रात्री अकराला टॉवेलची चौकशी करायची असते. त्या वेळी तो फोन करत नाही आणि ईमेल लिहायचा त्याला कंटाळा येतो. दोन ओळी टाइप करायला मात्र तो तयार असतो. आपण ती सोय दिली नाही तर तो दुसऱ्या साइटवर जातो.

या प्रश्नाला सगळीकडून एकच उत्तर मिळतं: "प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्राम टाकायचा, पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटं हे अगदी खरं आहे. त्या पाच मिनिटांत आपल्या साइटला काय जोडलं जातं, हे मात्र कोणी सांगत नाही. आता ते समजून घेण्याला आणखी एक कारण झालं आहे. केंद्र सरकारच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. चॅटच्या खिडकीत ग्राहक आपलं नाव आणि नंबर लिहितो, म्हणजे ही खिडकी थेट त्या कायद्याच्या कक्षेत येते.

प्लगइन कोणतं घ्यायचं, हे नंतर बघू. आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. ग्राहकानं पाठवलेला निरोप कुठे जाऊन राहणार आणि त्याला उत्तर कोण देणार? या दोन्हींची उत्तरं मिळाली की प्लगइन निवडणं सोपं होतं. म्हणून आपण एकाच निरोपाचा माग काढू. कोल्हापूरचा तो हॉटेलवाला लिहितो: "नमस्कार, ३० बाय ६० चा टर्किश टॉवेल, ५०० नग, आमचा लोगो विणून मिळेल का?"

सीएमएस आणि प्लगइन: माग आणि जकार्ड

पूर्वी वेबसाइटचं एकेक पान हातानं लिहावं लागे. दर बदलला की संगणकवाल्याला बोलवायचं, तो फाइल उघडून आकडा बदलणार. ही अडचण कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिमनं, म्हणजे सीएमएसनं दूर केली. सीएमएसमध्ये मजकूर, फोटो आणि दर एका डेटाबेसमध्ये राहतात, पानाची मांडणी वेगळी राहते आणि कोणी साइट उघडली की दोन्ही जोडून पान तयार होतं. दर तुम्ही स्वतः लॉगिन करून बदलता. वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल ही यातली जुनी नावं. त्यातलं वर्डप्रेस २००३ साली आलं आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. सोलापुरातल्या छोट्या व्यापाऱ्याची साइट बहुतेक वेळा त्यावरच असते, म्हणून इथली उदाहरणं वर्डप्रेसची घेतो.

प्लगइन समजायला सोलापूरकराला लांब जायला नको. नुसत्या मागावर साधं कापड निघतं. चादरीवर मोर, फुलं किंवा नाव हवं असेल तर मागाच्या वर जकार्ड बसवतात. माग तोच राहतो, त्याचा धोटा आणि फणी पूर्वीसारखीच चालते. जकार्ड फक्त ताण्यातले कोणते धागे कधी उचलायचे ते ठरवतं आणि त्यातून नक्षी उमटते. प्लगइनचं असंच असतं. वर्डप्रेसचा मूळ कोड कोणी फोडत नाही. पान तयार होत असताना वर्डप्रेस ठरलेल्या जागी थांबून "इथे कोणाला काही करायचं आहे का?" असं विचारतं. चॅटचं प्लगइन पानाच्या तळाशी असलेल्या अशाच एका जागी स्वतःला नोंदवून ठेवतं आणि प्रत्येक पान संपताना आपली खिडकी तिथे चिकटवतं. वर्डप्रेसला ही सोय २००४ पासून आहे. त्याच्या अधिकृत भांडारात आज पन्नास हजारांहून जास्त फुकट प्लगइन आहेत.

तुलनेतली एक गोष्ट कारखानदाराच्या लगेच लक्षात येईल. जकार्ड मागाच्याच ताकदीवर चालतं आणि मागाच्याच ताण्याला हात घालतं. प्लगइनलाही वेगळी खोली नसते. एकदा चालू केलं की ते संपूर्ण डेटाबेस वाचू शकतं, बदलू शकतं आणि पुसूही शकतं. मोबाइलमधलं ॲप "कॅमेरा वापरू का?" असं तरी विचारतं. वर्डप्रेसचं प्लगइन काहीच विचारत नाही, कारण चालू करतानाच तुम्ही त्याला सगळी परवानगी दिलेली असते. म्हणून ते कोणी लिहिलं आहे, याला महत्त्व आहे.

पान दाखवणारी साइट गप्पा का मारू शकत नाही

पूर्ण विषयाची गोम इथे आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

तुम्ही साइट उघडता तेव्हा तुमचा ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो. सर्व्हर डेटाबेसमधून मजकूर काढतो, पान तयार करतो, पाठवतो आणि मोकळा होतो. त्या क्षणानंतर तुम्ही कोण, पान वाचताय की टॅब बंद करून झोपलात, याच्याशी त्याला काही देणं-घेणं नसतं. तुम्ही मागितलं तरच तो देतो. स्वतःहून तुम्हाला हाक मारण्याची त्याला सोयच नाही. वर्डप्रेस याच पद्धतीवर उभं आहे आणि पानं दाखवण्यासाठी ती उत्तम आहे.

चॅटला नेमकं उलटं लागतं. हॉटेलवाल्यानं निरोप पाठवला, तुम्ही इकडून "मिळेल, जीएसएम किती हवा?" असं लिहिलं (जीएसएम म्हणजे कापडाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन). हे उत्तर त्याच्या पडद्यावर आपोआप उमटलं पाहिजे. त्यानं पान पुन्हा उघडायची वाट बघितली तर ते चॅट कसलं?

यावर जुना उपाय असा की हॉटेलवाल्याचा ब्राउझरच दर दोन-तीन सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहतो: "काही आलं का? काही आलं का?" याला पोलिंग म्हणतात. फक्त वर्डप्रेसवर चालणारी बरीच छोटी चॅट प्लगइन असंच करतात. हिशेब करून बघा. साइटवर एका वेळी २० माणसं आहेत आणि प्रत्येकाचा ब्राउझर दर ३ सेकंदांनी विचारतो आहे. मिनिटाला झाले ४०० प्रश्न. त्यातल्या बहुतेकांचं उत्तर "नाही, काही आलेलं नाही" एवढंच असतं. पण ते "नाही" सांगायलाही प्रत्येक वेळी वर्डप्रेसचा मोठा डोलारा उभा करावा लागतो.

आपल्याकडच्या साइट बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर असतात, म्हणजे एकाच यंत्रावर शेकडो साइट. तिथे प्रत्येक साइटला एका वेळी किती कामं करता येतील याची मर्यादा असते. चॅटच्या "काही आलं का" नं ती भरून गेली की खरा ग्राहक टॉवेलचं पान मागतो आणि त्याला पांढरा पडदा किंवा एररचा संदेश दिसतो. गड्डा यात्रेच्या दिवसांत किंवा शाळा उघडण्याआधी युनिफॉर्मची गर्दी असताना साइट "उगाचच" बसते, तेव्हा मी सगळ्यात आधी चॅटचं प्लगइन बंद करून बघतो.

नवा उपाय म्हणजे वेबसॉकेट. याचं अधिकृत मानक डिसेंबर २०११ मध्ये ठरलं. यात ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात एकदा जोडणी झाली की ती उघडीच राहते. दोन्हीकडून कोणीही, केव्हाही बोलू शकतं, म्हणून पुन्हा पुन्हा विचारायची गरज उरत नाही. अडचण एवढीच की त्यासाठी सर्व्हरवर एक प्रोग्राम चोवीस तास जागा ठेवावा लागतो आणि साध्या शेअर्ड होस्टिंगवर त्याला सहसा परवानगी नसते. आधी काम संपलं की मोकळा होणारा सर्व्हर म्हटलं, त्याच्या स्वभावातच हे बसत नाही.

मग मोठी चॅट प्लगइन कशी चालतात? ती आपल्या सर्व्हरवर चालतच नाहीत. प्लगइन आपल्या पानात जावास्क्रिप्टच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या, चार ओळी टाकतं. ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये त्या ओळी चालू झाल्या की थेट चॅट कंपनीच्या यंत्राशी जोडणी करतात. गप्पा तिकडे होतात आणि साठतातही तिकडेच. आपली साइट फक्त खिडकी लावायला भिंत देते.

हॉटेलवाल्याच्या निरोपाला तीन वाटा

म्हणजे तो निरोप तीनपैकी एका वाटेनं जाणार.

पहिली वाट आपल्याच डेटाबेसची. निरोप आपल्याकडे राहतो, बाहेरच्या कोणाकडे जात नाही. बोजा आपल्या होस्टिंगवर पडतो, तो सांभाळणं, बॅकअप घेणं आणि वेळच्या वेळी पुसणं हेही आपल्याच अंगावर.

दुसरी वाट चॅट कंपनीची. वेग चांगला, मोबाइलवर ॲप मिळतं, कोण कोणत्या पानावर आहे तेही दिसतं. निरोप परक्याच्या यंत्रावर, बहुधा देशाबाहेर राहतो.

तिसरी वाट व्हॉट्सॲपची. साइटवरचं हिरवं चिन्ह दाबलं की ग्राहकाच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडतं आणि पुढचं बोलणं तिथे होतं. साइटचा संबंध दारापर्यंत सोडण्यापुरताच.

कारखान्यात तीन-चार माणसं आणि दिवसाला आठ-दहा चौकशा, असा व्याप असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तिसरी वाट धरा. घाऊक ऑर्डरी घेणारा, दोन-तीन माणसं फक्त विक्रीला ठेवणारा कारखाना असेल तर दुसरी. पहिली वाट शेअर्ड होस्टिंगवर मी कोणालाच सुचवत नाही. स्वतःचा वेगळा सर्व्हर आणि तो सांभाळणारा जाणकार माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

"सगळे व्हॉट्सॲपवरच आहेत, मग प्लगइन तरी कशाला?"

बरोबर आहे, बहुतेकांना प्लगइनची गरजच नाही. व्हॉट्सॲपनं यासाठी साधा दुवा दिलेला आहे. "डब्ल्यूए डॉट एमई" या पत्त्यापुढे तिरकी रेघ, त्यापुढे ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नको, आधी शून्य नको, मध्ये मोकळी जागा नको. यात चूक झाली की दुवा उघडतो पण "नंबर व्हॉट्सॲपवर नाही" असं येतं. त्याच दुव्याला मजकूरही जोडता येतो. टॉवेलच्या पानावरून आलेल्या ग्राहकाच्या खिडकीत "मला ३० बाय ६० टर्किश टॉवेलबद्दल माहिती हवी" असं आधीच लिहून येतं. त्यामुळे तो कोणत्या पानावरून आला ते तुम्हाला विचारावं लागत नाही. वर्डप्रेसमध्ये एक साधं बटण ठेवून त्याला हा दुवा दिला की काम झालं. यासाठी बाहेरचा कोड आणावा लागत नाही, होस्टिंगवर बोजा येत नाही आणि अपडेटची कटकटही नाही.

सोबत घरच्या नंबरऐवजी व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आलं. त्यात मालाचं कॅटलॉग लावता येतं, दुकान बंद असताना आपोआप जाणारा संदेश ठेवता येतो, नेहमीची उत्तरं साठवता येतात आणि "नवी चौकशी", "पैसे बाकी" अशा खुणा लावता येतात. घरच्या नंबरवर ग्राहक आणि भावकी एकाच यादीत येतात आणि शनिवारी आलेली पाचशे नगांची चौकशी बारशाच्या फोटोंखाली दडून जाते.

याच्या मर्यादाही आहेत. ज्याला फक्त दर विचारायचा आहे अशा ग्राहकाला आपला नंबर देणं नको वाटतं, तो बटण दाबत नाही. दुसरं, नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये सगळी बोलणी असतील तर ती त्याच्याबरोबर जातात. म्हणून सिमकार्ड कारखान्याच्या नावावर हवं. मोठ्या व्यापासाठी व्हॉट्सॲपची वेगळी, सॉफ्टवेअरला जोडायची सेवा आहे. तिथे ग्राहकाच्या शेवटच्या निरोपापासून २४ तासांपर्यंतच मोकळेपणानं लिहिता येतं, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूरच पाठवता येतो. साध्या बिझनेस ॲपला हे बंधन नाही.

"दुसऱ्याच्या चार ओळी टाकल्या तर बिघडलं काय?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि त्याचं उत्तर एका खऱ्या प्रकरणात आहे.

टिकेटमास्टर ही कार्यक्रमांची तिकिटं विकणारी मोठी कंपनी. तिनं आपल्या साइटवर इन्बेंटा नावाच्या दुसऱ्या कंपनीचा चॅटबॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम, लावला होता आणि तो पैसे भरण्याच्या पानावरही होता. २०१८ साली उघड झालं की हल्लेखोरांनी टिकेटमास्टरला हातच लावला नव्हता. त्यांनी चॅटबॉटच्या त्या बाहेरून येणाऱ्या ओळी बदलल्या. त्या ओळी ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये पैसे भरण्याच्या पानातच चालत होत्या, त्यामुळे लोक कार्डाचा नंबर टाइप करत तो थेट चोरांकडे जात होता. युरोपातल्या ९४ लाख ग्राहकांची माहिती धोक्यात आली. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये टिकेटमास्टरला साडेबारा लाख पौंडांचा दंड केला. चॅट दुसऱ्याचं होतं, हा बचाव चालला नाही. कारण साधं होतं: ते पैशाच्या पानावर लावायचा निर्णय टिकेटमास्टरचा होता.

पानात आलेल्या जावास्क्रिप्टला त्या पानावरचं सगळं दिसतं. ग्राहक कुठे काय टाइप करतो, तेसुद्धा. चॅट कंपनी कितीही सज्जन असली तरी तिच्या यंत्रात कोणी घुसलं की तो तुमच्या पानात घुसला. म्हणून साइटवर पैसे भरायची सोय असेल तर चॅट त्या पानावर लावू नका. मालाच्या पानांवर ठेवा, "संपर्क" वर ठेवा. बहुतेक चांगल्या प्लगइनमध्ये "या पानांवर दाखवू नका" अशी सोय असते. तिथे फक्त खिडकी लपते की ओळीच येत नाहीत, हे एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. खिडकी नुसती लपलेली असली तरी तिच्या मागचा कोड चालू राहतो.

दुसरा धोका उलट्या दिशेनं येतो. चॅटमध्ये ग्राहक काहीही टाइप करू शकतो, म्हणजे चोरही करू शकतो. नावाच्या चौकटीत नावाऐवजी कोडचा तुकडा लिहिला आणि प्लगइननं तो निव्वळ अक्षरं म्हणून न दाखवता चालवला, तर तो चालतो तुमच्या पडद्यावर, तुम्ही मालक म्हणून लॉगिन केलेलं असताना. मग त्याला साइटच्या सगळ्या किल्ल्या मिळाल्या. चॅट आणि फॉर्मच्या प्लगइनमध्ये सापडणाऱ्या त्रुटींमध्ये हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणूनच "अपडेट आलं आहे" ही पट्टी दिसली की महिनोन्महिने तशीच ठेवायची नसते.

तिसरा धोका मालकी बदलण्याचा. फुकटचं प्लगइन लिहिणारा माणूस कधीतरी कंटाळतो आणि ते विकतो. डिस्प्ले विजेट्स नावाचं, दोन लाख साइटवर असलेलं प्लगइन असंच विकलं गेलं. नव्या मालकानं अपडेटमधूनच त्यात चोरवाट घातली. २०१७ मध्ये वर्डप्रेसनं ते भांडारातून काढून टाकलं. ते प्लगइन चॅटचं नव्हतं, पण चॅटच्या प्लगइनचंही असं होऊ शकतं. प्लगइन घेण्याआधी त्याच्या पानावर शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा, सध्याच्या वर्डप्रेसवर तपासलेलं आहे का ते बघा आणि लोकांच्या तक्रारींना लिहिणारा उत्तर देतो का तेही बघा. "पेड प्लगइन फुकटात" म्हणून पेन ड्राइव्हवर किंवा टेलिग्रामवर फिरणारी प्रत तर कधीच घेऊ नका. तिच्यात कोणी काय घालून दिलं आहे, हे शोधणं कठीण असतं.

अक्षरं टिकतात, हात जोडलेले टिकत नाहीत

एक बारीकशी पण आपल्याला हमखास नडणारी गोष्ट. हॉटेलवाल्यानं "नमस्कार" लिहून पुढे हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि मग टॉवेलची चौकशी लिहिली. तुमच्याकडे फक्त "नमस्कार" आलं, पुढचं गायब. किंवा निरोपच आला नाही. तुम्ही म्हणता ग्राहक अर्धवट बोलतो आणि तो म्हणतो कारखानदार उत्तर देत नाही.

कारण असं. डेटाबेसमध्ये देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट (साठवणुकीचं माप) लागतात. कानडी आणि तेलुगूलाही तीनच. विजयपूरचा गिऱ्हाईक कानडीत लिहील, हैदराबादचा तेलुगूत, आपल्याकडे तर या सगळ्या भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, त्यामुळे हे महत्त्वाचं. पण हात जोडणं, फूल, अंगठा अशा चित्रांना चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसची जुनी "यूटीएफ-८" मांडणी तीन बाइटांपर्यंतच धरते. चौथा आला की निरोप तिथे तुटतो किंवा नाकारला जातो. वर्डप्रेसनं एप्रिल २०१५ मध्ये चार बाइटांची मांडणी स्वीकारली, तरी त्याआधीपासून चालू असलेल्या साइटचे तक्ते कधीकधी जुनेच राहिलेले असतात आणि काही प्लगइनही आपला तक्ता जुन्या पद्धतीनं तयार करतात. निरोप आपल्याच डेटाबेसमध्ये ठेवणार असाल तर बसवल्यावर पहिली चाचणी हीच घ्या: मराठी, कानडी, तेलुगू आणि शेवटी हात जोडलेलं चित्र टाकून निरोप पाठवा आणि तिकडे पूर्ण पोचतो का ते बघा.

असंच दुसरं दुखणं कॅशचं. साइट वेगवान व्हावी म्हणून तयार पानाची प्रत साठवून तीच सगळ्यांना देतात, तिला कॅश म्हणतात. चॅटच्या खिडकीत मात्र वर्डप्रेसनं दिलेला एक गुप्त शिक्का असतो आणि तो जास्तीत जास्त २४ तास चालतो. पानाची प्रत तीन दिवस जुनी असेल तर शिक्काही शिळा झालेला असतो आणि ग्राहकाचा निरोप नाकारला जातो. लॉगिन केलेल्या मालकाला सहसा ताजं पान मिळतं, त्यामुळे त्याच्याकडे सगळं ठीक दिसतं. म्हणून चाचणी घेताना लॉगआउट करून, दुसऱ्याच्या फोनवरून घ्यायची.

"आम्ही छोटे व्यापारी, आम्हाला कसला कायदा?"

सुरुवातीला सांगितलेला माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा दुकानाच्या आकारावरून सुरू होत नाही. डिजिटल स्वरूपात माणसाची ओळख पटेल अशी माहिती कोणी गोळा करत असेल तर त्याला तो लागू होतो. नियमांनुसार मुख्य बंधनं जाहीर झाल्यापासून दीड वर्षानं, म्हणजे २०२७ च्या मध्यास लागू होतात. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड टॉवेलच्या दुकानाला होईल असं कोणी म्हणत नाही, तो ठरवताना प्रकरणाचं गांभीर्य बघितलं जातं. पण "आम्हाला माहीतच नव्हतं" हे उत्तर पुरणार नाही.

प्रत्यक्षात करायचं ते फार अवघड नाही. हॉटेलवाल्यानं टॉवेलच्या चौकशीसाठी स्वतःहून नंबर दिला तर त्या चौकशीपुरता तो वापरायला कायद्याची आडकाठी नाही. तोच नंबर दिवाळीच्या जाहिरातीच्या यादीत टाकायचा असेल तर वेगळी, स्पष्ट संमती हवी. संमती घेताना काय माहिती घेतो, कशासाठी घेतो आणि संमती मागे कशी घ्यायची, हे सोप्या भाषेत सांगावं लागतं. ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. त्या २२ भाषांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू आहेत, म्हणजे सोलापुरात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या मोठ्या भाषा त्यात आल्या. आणि चॅट किती दिवस ठेवणार ते ठरवून टाका. ऑर्डर होऊन माल पोचल्यावर तीन वर्षांपूर्वीच्या गप्पा साठवून काहीच मिळत नाही. चोरी झालीच तर तेवढी जास्त माहिती चोराच्या हाती जाते.

रात्री अकराला उत्तर कोण देणार?

आता दुसरा प्रश्न. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी खिडकीत "आम्ही ऑनलाइन आहोत" असा हिरवा ठिपका दिसत असताना अर्धा तास उत्तर आलं नाही, तर ग्राहकाचा विश्वास साध्या फॉर्मपेक्षा जास्त तुटतो. फॉर्म भरणाऱ्याला उद्यापर्यंत थांबायचं माहीत असतं. चॅट करणारा आत्ताच्या आशेनं लिहितो.

म्हणून वेळ लावा. सकाळी दहा ते संध्याकाळी सात खिडकी उघडी, एरवी "नंबर ठेवा, सकाळी अकराच्या आत फोन करतो" असं वाक्य, आणि खरोखर अकराच्या आत फोन. उत्तर देणाऱ्या माणसाला आजचा दर, शिल्लक माल आणि किती दिवसांत देता येईल, हे माहीत हवं. त्या जागी बसवलेला नवा मुलगा प्रत्येक प्रश्नाला "शेठना विचारून सांगतो" म्हणणार असेल तर चॅटचा उपयोग नाही. त्याला एका पानावर जीएसएमप्रमाणे दर, कमीत कमी किती नग आणि लोगो विणायला लागणारे जादा दिवस लिहून द्या.

मग बॉट लावला तर? पत्ता, वेळ, पार्सल कुठे पोचलं, अशा ठरावीक प्रश्नांना चालेल. दर आणि मुदत सांगायला लावू नका. एअर कॅनडाच्या साइटवरच्या बॉटनं एका प्रवाशाला सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. कंपनी म्हणाली, बॉट म्हणजे वेगळी गोष्ट आहे, त्याच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणानं ते म्हणणं फेटाळलं आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. आपल्या बॉटनं पाचशे टॉवेल आठ दिवसांत देतो म्हटलं तर हॉटेलवाला ते कारखान्याचंच बोलणं समजणार.

नको झालं तर काढायचं कसं

बसवण्याची माहिती सगळे देतात, काढण्याची कोणी देत नाही. वर्डप्रेसमध्ये प्लगइन नुसतं बंद केलं तर त्याच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात आणि त्यातली त्रुटीही राहते. म्हणून आधी बंद करा, मग "डिलीट" करा. तरीही पुष्कळ प्लगइन आपले तक्ते डेटाबेसमध्ये मागे ठेवतात आणि ग्राहकांची नावं-नंबर त्यातच असतात. ते जाणकाराकडून काढून घ्या, पण आधी बॅकअप घेऊन.

चॅट कंपनीची सेवा वापरली असेल तर प्लगइन काढल्यानं फक्त खिडकी जाते. गप्पा तिकडच्या खात्यात तशाच पडून असतात. त्या खात्यात जाऊन हव्या त्या चौकशा उतरवून घ्या, बाकी पुसा आणि खातं बंद करा. कधी कधी साइट बनवणाऱ्यानं त्या चार ओळी प्लगइनऐवजी थेट थीमच्या, म्हणजे साइटच्या मांडणीच्या, फाइलमध्ये चिकटवलेल्या असतात. तसं असेल तर प्लगइनच्या यादीत काहीच दिसत नाही आणि खिडकी मात्र दिसत राहते. खातं साइट बनवणाऱ्याच्या ईमेलवर उघडलेलं असेल तर ते तुमच्या नावावर करून घ्यायचं काम सगळ्यात आधी, तो माणूस फोन उचलतोय तोवर.